प्रसूतिगृहातले पहिले तीन दिवस: बाळाला अंगावर पाजणं नीट सुरू व्हावं म्हणून काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करायचं

“बाळ पाच दिवसांचं झालं, दूध पुरत नाही, काय खाऊ म्हणजे दूध वाढेल?” हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. उत्तर द्यायच्या आधी मी उलट तीन गोष्टी विचारते. जन्मल्यावर बाळ किती वेळाने तुमच्या कुशीत आलं? पहिल्या दोन रात्री ते कुठे झोपलं? आणि पहिलं वरचं दूध कुणी, कधी, कशासाठी दिलं? बहुतेक वेळा गडबड या तिन्हींपैकी एका उत्तरात सापडते. खाण्यापिण्याचा त्यात फारसा संबंध नसतो.

वार बाहेर पडली की आईच्या रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक झपाट्याने उतरतं आणि दूध तयार होण्याची प्रक्रिया आपोआप चालू होते. बाळाला पाजलं नाही तरीही साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्तन भरून येतात. मात्र ते दूध पुढे टिकणं आणि वाढणं यावर अवलंबून असतं की स्तनातून दूध किती वेळा आणि किती चांगलं निघतं. म्हणजे रुग्णालयातली जी पद्धत बाळाला आईपासून लांब ठेवते, त्याचं पोट दुसऱ्याच कशाने भरते किंवा त्याला घड्याळाला बांधते, ती थेट दुधावर परिणाम करते. यात सहसा कुणाचा वाईट हेतू नसतो. ती वॉर्डाची सवय असते, आणि सवय आधी सांगून, विचारून बदलता येते.

## १. आठव्या महिन्यात: नेमके प्रश्न विचारा

“तुमच्याकडे स्तनपानाला प्रोत्साहन देतात का?” असं विचारू नका. सगळीकडे ‘हो’ हेच उत्तर मिळतं. प्रत्यक्षात काय करतात ते विचारा:

- प्रसूती झाल्यावर बाळ सरळ आईच्या छातीवर ठेवता की आधी वॉर्मरखाली (ऊब देणाऱ्या यंत्राखाली) नेता? छातीवर किती वेळ राहू देता?
- सिझेरियन झालं तर बाळ आईजवळ किती वेळाने येतं? ऑपरेशन थिएटरमध्येच देता का?
- रात्री बाळ आईच्या खोलीत असतं की नर्सरीत?
- वरचं दूध द्यायचं कोण ठरवतं? आईला आधी विचारता का? कशाने पाजता?
- बाळाची पकड बघून देणारं कुणी रात्रपाळीला असतं का?
- बाळ अतिदक्षता विभागात गेलं तर आईला आत केव्हा सोडता? दूध काढायला पंप आणि जागा आहे का?

यातला रात्रपाळीचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दिवसा सल्लागार असतात, डॉक्टर फेरी मारतात, सगळं सुरळीत दिसतं. बाटली तोंडात जाते ती पहाटे दोनला, बाळ रडत असताना, थकलेली आई आणि एकटी नर्स असताना. ‘बघू, गरज पडेल तसं करू’ असं उत्तर आलं तर तिथे ठरलेली पद्धत नाही असं समजा आणि पुढची तयारी जास्त काटेकोर करा.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी प्रसूतिगृहांसाठी यशस्वी स्तनपानाच्या दहा पायऱ्या आखून दिल्या आहेत. २०१८ मध्ये त्या सुधारल्या गेल्या. रुग्णालय त्या पाळतं का हे विचारायला हरकत नाही. पण भिंतीवरच्या प्रमाणपत्रापेक्षा वॉर्डात नुकत्याच बाळंत झालेल्या एखादीशी दहा मिनिटं बोलणं अधिक उपयोगी पडतं. त्याच भिंतींवर पावडरच्या दुधाच्या कंपनीचं कॅलेंडर किंवा पोस्टर दिसलं, तर तेही ध्यानात घ्या. आईच्या दुधाऐवजी विकल्या जाणाऱ्या दुधाच्या विक्री-जाहिरातीबाबतच्या १९८१ च्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार अशा जाहिराती आणि फुकट नमुने आरोग्यसेवेत चालत नाहीत.

याच भेटीत डॉक्टरांना स्वतःबद्दल सांगा: स्तनावर पूर्वी शस्त्रक्रिया झालेली असेल, मधुमेह किंवा थायरॉइड असेल, स्तनाग्र आत ओढलेलं असेल, गरोदरपणात स्तन अजिबात वाढले नसतील, किंवा पहिल्या खेपेला दूध कमी आलं असेल. यांपैकी काही असलं तर दूध उशिरा किंवा कमी येण्याची शक्यता असते. ते आधी माहीत असेल तर पहिल्या दिवसापासून जास्त लक्ष देता येतं.

तपासा: हाताने दूध काढायची कृती तुम्हाला माहीत आहे का? ती खाली सातव्या टप्प्यात दिली आहे. प्रसूतीआधी प्रत्यक्ष सराव करायचा असेल तर ३६ आठवडे पूर्ण झाल्यावर आणि डॉक्टरांनी परवानगी दिली तरच करा.

## २. एक कागद, एक माणूस

जे हवं ते एका कागदावर पाच-सहा ओळींत लिहा, डॉक्टरांना दाखवा आणि फाइलच्या सगळ्यात वर लावा. मजकूर साधा असू द्या: ‘बाळ आणि आई दोघं ठीक असतील तर बाळ लगेच उघड्या छातीवर हवं. पहिलं पाजणं होईपर्यंत वजन आणि इतर कामं थांबवावीत. बाळ चोवीस तास आईजवळ राहील. ग्लुकोजचं पाणी, पावडरचं दूध किंवा चोखणी आईला विचारल्याशिवाय देऊ नये. वैद्यकीय गरज पडली तर कारण सांगावं आणि आधी आईचं काढलेलं दूध द्यावं.’

सोबत राहणाऱ्या माणसाने हा कागद वाचलेला असायला हवा. कळा देऊन थकलेली बाई वाद घालू शकत नाही आणि तिने घालूही नये. ते काम सोबतच्या व्यक्तीचं आहे. आवाज न चढवता, पण पुन्हा पुन्हा विचारत राहणारं माणूस निवडा.

नेहमीची चूक: कागद तयार असतो, पण तो घरच्या पिशवीत राहतो आणि सोबतीला ऐनवेळी दुसरंच कुणी येतं.

## ३. पहिला तास: क्रम मोडू देऊ नका

बाळ रडलं, श्वास व्यवस्थित चालू आहे, अशा वेळी हा क्रम हवा:

१. बाळाला कोरडं पुसायचं. चांगला श्वास घेणाऱ्या बाळाच्या नाकातोंडात सरसकट नळी घालायची गरज नसते.
२. उघडं बाळ आईच्या उघड्या छातीवर पालथं ठेवायचं. डोक्याला टोपी, पाठीवर कोरडं कापड. कापड दोघांच्या मध्ये येता कामा नये.
३. नाळ कापायला निदान एक मिनिट थांबायचं. ते बाळ छातीवर असतानाही करता येतं.
४. निदान एक तास किंवा पहिलं पाजणं पूर्ण होईपर्यंत कुणीही बाळ उचलायचं नाही.
५. त्यानंतर वजन, मोजमाप आणि व्हिटॅमिन के चं इंजेक्शन. अंघोळ २४ तासांनंतर.

या तासाभरात बाळ काय करतं ते माहीत असलं की घाई होत नाही. आधी ते रडतं, मग शांत पडून राहतं. थोड्या वेळाने डोळे उघडतं, हात तोंडाकडे नेतं, चाटतं. पाय रेटून थोडं वर सरकतं, मध्येच विश्रांती घेतं, पुन्हा सरकतं. बरीच बाळं तासाभराच्या आसपास स्वतःच स्तनाग्र शोधून तोंड लावतात. मधल्या विश्रांतीला लोक ‘झोपलं’ म्हणतात आणि बाळ उचलतात. तिथेच घात होतो.

माझ्या पहिल्या खेपेला बाळाला ‘फक्त वजनाला’ म्हणून नेलं आणि ते चार तासांनी परत आलं, पोट भरलेलं, गाढ झोपलेलं. त्यानंतर आठ तास त्याने तोंड उघडलं नाही. वजन काट्यावर तासाभराने केलं तरी तेच येतं. बाळाचा तो जागेपणा मात्र पुन्हा मिळत नाही, कारण पहिल्या दोनेक तासांनंतर बहुतेक बाळं लांब झोप घेतात.

नेहमीच्या चुका: बाळाला दुपट्ट्यात घट्ट गुंडाळून मग छातीवर ठेवणं. डोकं मागून दाबून स्तनावर रेटणं. स्तनाग्र तोंडात कोंबणं. डोकं दाबलं की बाळ मान मागे टाकतं आणि लोकांना वाटतं ‘हे नको म्हणतंय’. आधार खांद्यांना आणि मानेखाली द्या, डोकं मोकळं राहू द्या.

सावधान: या वेळात बाळावर सतत कुणाचं तरी लक्ष हवं. आई थोडी रेललेली असावी, पूर्ण आडवी नको. बाळाची मान सरळ, तोंड एका बाजूला वळलेलं आणि नाक-तोंड उघडं, डोळ्यांना दिसेल असं असावं. आईला झोपेचं किंवा गुंगीचं औषध दिलं असेल तर तिला बाळाजवळ एकटं सोडायचं नाही. रंग बदलला, अंग सैल पडलं किंवा श्वास वेगळा वाटला तर लगेच हाक मारा. फोटो आणि फोन नंतर.

### सिझेरियन झालं असेल तर

पाठीच्या मणक्यातून भूल दिली असेल तर आई जागी असते आणि टाके घालत असतानाच बाळ तिच्या छातीवर आडवं ठेवता येतं. जागा कमी असते, म्हणून एक नर्स बाळाला धरून उभी हवी. पूर्ण भूल दिली असेल तर आई नीट शुद्धीवर येऊन बोलू लागली की लगेच. तोवर वडिलांनी शर्ट काढून बाळाला छातीशी घ्यावं. बाळाची ऊब टिकते आणि ते शांत राहतं.

टाक्यांवर भार येऊ नये म्हणून कुशीवर झोपून पाजा, किंवा बाळाचे पाय काखेखालून मागे जातील असं बाजूला धरा. वेदनाशामक वेळेवर मागून घ्या. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन पाजणाऱ्या आईला चालतात. दुखणं सोसत राहिलं तर दूध सुटायला अडथळा येतो. कोडीन असलेली औषधं मात्र टाळायची असतात, तेव्हा नाव विचारून घ्या.

पहिला तास हुकलाच तर? मग जेव्हा बाळ हातात येईल तेव्हा हेच सगळं करा. कपडे काढून छातीवर घेणं सहाव्या तासाला आणि सहाव्या दिवशीही उपयोगी पडतं.

## ४. पहिला दिवस आणि दुसरी रात्र

बाळ तुमच्याच खोलीत, हात पोहोचेल इतक्या अंतरावर हवं. नर्सरीतलं बाळ भुकेची पहिली खूण करतं तेव्हा ती बघायला आई नसते. ते रडायला लागल्यावर आणलं जातं. रडणं ही भुकेची शेवटची खूण आहे. आधीच्या खुणा अशा: डोळ्यांची हालचाल, तोंड उघडून डोकं इकडे-तिकडे फिरवणं, हात तोंडात, चुळबुळ. रडणाऱ्या बाळाला आधी शांत करावं लागतं, मगच ते स्तन धरतं.

चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजणं व्हायला हवं. ‘दर तीन तासांनी’ हा नियम उलटा वापरला जातो: तीन तास झाले नाहीत म्हणून मागणाऱ्या बाळाला थांबवतात. तीन तास ही वरची मर्यादा समजा. तेवढा वेळ झाला तरी बाळ उठलं नाही तर उठवा: दुपटं सोडा, लंगोट बदला, उघडं करून छातीवर घ्या. कळांच्या वेळी पेथिडिनसारखं वेदनाशामक दिलं असेल तर बाळ जास्त झोपाळू असू शकतं. अशा बाळाच्या ‘मागण्याची’ वाट बघत बसू नका. तोंड लावत नसेल तर हाताने चीक (सुरुवातीचं घट्ट दूध) काढून चमच्याने द्या.

चिकाचं प्रमाण पाहून आया घाबरतात. पहिल्या २४ तासांत बाळाला एका वेळेला साधारण २ ते १० मिली मिळतं, दुसऱ्या दिवशी ५ ते १५, तिसऱ्या दिवशी १५ ते ३०. बाळाचं पोटही तेवढंच मागतं. स्तन मऊ आहेत, दाबल्यावर दोन-चार थेंबच येतात, हे पहिल्या दिवशी अगदी बरोबर आहे. त्या थेंबांवरून ‘दूध नाही’ असा निकाल देणाऱ्याकडे लक्ष देऊ नका.

आता दुसरी रात्र. पहिला दिवस झोपून काढलेलं बाळ दुसऱ्या रात्री अचानक जागं होतं आणि सतत स्तन मागतं. वीस मिनिटं पितं, खाली ठेवलं की रडतं, पुन्हा पितं. पहाटेपर्यंत हे चालतं. ज्यांना हे आधी सांगितलेलं नसतं त्यांना वाटतं बाळ उपाशी आहे. खरं तर हे वारंवार ओढणंच पुढचं दूध उतरवायला मदत करतं. दूध वाढवणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त असतं, म्हणून रात्रीचं पाजणं दुसऱ्या कुणावर सोपवू नका. त्याची तयारी दुपारीच करा: भेटायला येणाऱ्यांना दारातूनच परत पाठवा आणि बाळ झोपलं की झोपा.

सावधान: रात्री डोळा लागेल असं वाटलं तर बाळ सोबतच्या माणसाकडे द्या किंवा पाळण्यात पाठीवर झोपवा. सोफ्यावर किंवा खुर्चीत बाळ घेऊन पेंगणं सगळ्यात धोक्याचं.

## ५. पकड: दुसऱ्याने नव्हे, तुम्ही बसवायला शिका

वॉर्डातली एक पद्धत मला मनापासून खटकते. नर्स येते, एका हातात स्तन, दुसऱ्या हातात बाळाचं डोकं, जोडते आणि निघून जाते. दहा मिनिटांनी पकड सुटते आणि आईला काहीच येत नसतं. नर्सला सांगा: “हात माझे राहू देत, तुम्ही फक्त तोंडाने सांगा.”

१. बाळाचं पोट तुमच्या पोटाला लागलेलं. कान, खांदा, कंबर एका रेषेत. मान वळवून प्यावं लागता कामा नये.
२. बाळाचं नाक स्तनाग्रासमोर आणा, तोंड नव्हे.
३. स्तनाग्र वरच्या ओठाला हलकेच घासा आणि जांभई दिल्यासारखा मोठा आ होईपर्यंत थांबा.
४. आ झाला की बाळालाच पटकन जवळ घ्या, हनुवटी आधी टेकेल असं. स्तन बाळाकडे नेण्यासाठी वाकू नका.

पकड बरोबर असेल तर हनुवटी स्तनात रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, गाल फुगीर दिसतात आणि स्तनाग्राभोवतीचा गडद भाग खालच्यापेक्षा वरच्या बाजूला जास्त दिसतो. सुरुवातीला ओढल्यासारखं जाणवेल, पण तीव्र दुखणं टिकून राहिलं तर पकड चुकली आहे. ओढून काढू नका. हिरड्यांच्या कोपऱ्यातून स्वच्छ बोट आत घाला, पकड सैल होईल, मग पुन्हा प्रयत्न करा.

तपासा: पिऊन झाल्यावर स्तनाग्राचा आकार बघा. गोल असेल तर ठीक. लिपस्टिकच्या टोकासारखं तिरपं चेपलेलं, पांढरं पडलेलं असेल तर बाळ फक्त टोक चावतंय. चिरा पडायची वाट न बघता त्याच दिवशी मदत मागा.

## ६. ‘वरचं दूध देऊ या’ असं कुणी म्हटलं की

या टप्प्यावर सगळ्यात जास्त घरांची गाडी घसरते, म्हणून सावकाश वाचा.

कारणाशिवाय दिलेल्या बाटलीने काय होतं? पहिल्या-दुसऱ्या दिवशी बाळाला पाच-दहा मिली पुरतं. बाटलीतून ३० मिली जातं. बाळ तीन-चार तास निपचित झोपतं. तेवढ्या वेळात स्तनावरचं एक-दोनदा पिणं चुकतं. स्तनाला कमी मागणीचा निरोप जातो. पुढच्या वेळी दूध कमी निघतं, बाळ रडतं, पुन्हा बाटली येते. तिसऱ्या दिवशी सगळे म्हणतात, “बघा, दूध नव्हतंच.” बाटलीतून दूध आपोआप येतं आणि तोंडही मोठं उघडावं लागत नाही, त्यामुळे काही बाळं स्तनावर वैतागू लागतात.

तरीही काही बाळांना खरंच जादा दूध लागतं, आणि तेव्हा अडून बसणं धोक्याचं आहे. रक्तातली साखर कमी झालेली बाळं (मुदतीआधी जन्मलेली, वजनाने फार लहान किंवा फार मोठी, मधुमेह असलेल्या आईची बाळं यांना हा धोका जास्त), पाण्याचं प्रमाण घटलेली बाळं, १० टक्क्यांच्या आसपास किंवा जास्त वजन उतरलेली आणि पाजण्यातून पुरेसं मिळत नसलेली बाळं यांना ताबडतोब आहार लागतो. गॅलॅक्टोसेमियासारख्या दुर्मिळ आजारात आईचं दूध चालतच नाही. आईचे काही उपचार, उदाहरणार्थ कर्करोगाची केमोथेरपी, चालू असतील तर पाजता येत नाही.

म्हणून वाद घालू नका, चार प्रश्न विचारा:

१. नेमकं कारण काय? साखर किती आली, वजन किती टक्के उतरलं, बिलिरुबिन (काविळीचं रंगद्रव्य) किती आहे?
२. आधी माझं दूध काढून देता येईल का? किंवा दूधपेढीचं (इतर आयांनी दान केलेलं) दूध मिळेल का?
३. किती मिली, आणि किती वेळा?
४. केव्हा थांबवायचं, हे कशावरून ठरवणार?

कारण आकड्यात सांगितलं तर द्या, निश्चिंत मनाने द्या. ‘बाळ रडतंय’, ‘तुम्ही दमलात’, ‘सिझेरियन आहे ना’ ही कारणं नाहीत. त्यावर उपाय म्हणजे बाळ छातीवर घेणं आणि पकड तपासणं. साखरेचा धोका असलेल्या काही बाळांना गालाच्या आतून डेक्स्ट्रोज (साखरेचं) जेल लावून स्तनपान चालू ठेवता येतं. तुमच्या रुग्णालयात ती सोय आहे का विचारा.

देण्याचा क्रम असा: आधी स्तनावर, मग काढलेलं स्वतःचं दूध, मग दूधपेढीचं, मग पावडरचं. थोड्या दिवसांसाठी वाटी, चमचा किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा. बाळाला बसतं धरा, दूध ओठाला लावा आणि त्याला स्वतः चाटू-पिऊ द्या. घशात ओतू नका. आणि जितक्या वेळा बाळाला वरचं जाईल तितक्या वेळा तुमचं दूध काढा. ही एक ओळ विसरली जाते, आणि मग दोन दिवसांची गरज कायमची होते.

पावडरचं दूध द्यावंच लागलं, किंवा तुम्ही स्वतः तसं ठरवलं असेल, तर त्यासाठी मान खाली घालायची गरज नाही. तुम्हाला ते बनवायला नीट शिकवणं हेही रुग्णालयाचं काम आहे. पावडर निर्जंतुक नसते. पाणी उकळून, ७० अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ न देता त्यात पावडर घालायची, मग कोमट करून लगेच पाजायची. माप डब्यावर लिहिलेलंच. पातळ केलं तर बाळ उपाशी राहतं, घट्ट केलं तर त्याच्या मूत्रपिंडांवर ताण येतो.

सावधान: कावीळ झाली आणि प्रकाशाखाली ठेवलं म्हणून पाजणं थांबवू नका. काविळीचं रंगद्रव्य शीवाटे बाहेर जातं, त्यासाठी जास्त वेळा दूध जायला हवं. नुसतं पाणी किंवा ग्लुकोजचं पाणी देऊन कावीळ उतरत नाही.

## ७. बाळ अतिदक्षता विभागात असेल तर

बाळ बरं झाल्यावर पाजू, असा विचार केला तर तोवर दूध आटायला लागलेलं असतं. शक्य असेल तर पहिल्या एक-दोन तासांत, उशीर झाला तरी सहा तासांच्या आत, दूध काढायला सुरुवात करा. त्यानंतर २४ तासांत निदान आठ वेळा, त्यातलं एक तरी रात्री.

पहिले दोन-तीन दिवस पंपापेक्षा हात चांगला, कारण चीक थोडा आणि चिकट असतो, पंपाच्या नळीतच राहतो.

- हात धुवा. स्तन हलक्या हाताने दोन मिनिटं चोळा.
- अंगठा वर, बोटं खाली, स्तनाग्रापासून साधारण दोन-तीन सेंटिमीटर मागे ठेवा.
- आधी छातीच्या दिशेने आत दाबा, मग बोटं एकमेकांकडे आणा, सोडा. बोटं कातडीवर घसरवू नका.
- धार थांबली की बोटांची जागा गोल फिरवत बदला. मग दुसरा स्तन.

आलेलं सिरिंजमध्ये भरा. एक मिली असलं तरी टाकायचं नाही. त्यावर वेळ आणि तारीख लिहून विभागात द्या. साठवण्याचे नियम त्या विभागाचेच पाळा, आजारी बाळासाठी ते घरच्यापेक्षा कडक असतात.

बाळाची प्रकृती परवानगी देईल तितक्या लवकर त्याला छातीवर घ्यायला मागा. कमी वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच कांगारू पद्धतीने आईच्या छातीशी ठेवल्याने मृत्यूचं प्रमाण घटतं हे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं आहे. ‘स्थिर झाल्यावर बघू’ ही जुनी सवय त्यामुळे बदलते आहे.

## ८. तिसरा-चौथा दिवस: बघायचं काय

रडण्यावरून दुधाचा अंदाज बांधू नका. लंगोट आणि वजन बघा.

पहिल्या दिवशी निदान एक लघवी, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, आणि पाचव्या दिवसापासून सहा किंवा जास्त. शी आधी काळी, चिकट. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास हिरवट. पाचव्या दिवसापर्यंत पिवळी. लंगोटावर विटकरी डाग पहिले एक-दोन दिवस दिसू शकतात. त्यानंतरही दिसले तर दूध कमी जातंय.

सगळीच बाळं सुरुवातीला वजन गमावतात. ७ टक्क्यांपर्यंत सहसा काळजी नसते. त्याहून जास्त उतरलं तर एक पूर्ण पाजणं कुणीतरी बसून बघायला हवं. आईला कळांमध्ये शिरेतून खूप सलाइन दिलं असेल तर बाळाचं जन्मवजन थोडं फुगलेलं असतं आणि घट जास्त दिसते, हे डॉक्टरांना आठवण करून द्या. पण त्या कारणाआड लपूही नका: लघवी कमी आणि वजन उतरलेलं असेल तर बाळाला दूध हवंच आहे.

दूध उतरताना स्तन दगडासारखे होतात, गडद भाग ताणला जातो आणि बाळाची पकड घसरते. पाजण्याआधी स्तनाग्राभोवती बोटांनी मिनिटभर हलकेच आत दाबून धरा, किंवा थोडं दूध काढा. भाग मऊ झाला की बाळ धरतं. पाजून झाल्यावर थंड पट्ट्या ठेवा.

सावधान: ७२ तास उलटले तरी स्तनांत काहीच फरक नसेल तर सांगा. मधुमेह, जास्त वजन, पहिलटकरीण असणं, खूप रक्तस्राव किंवा वारेचा तुकडा आत राहणं यामुळे उशीर होऊ शकतो. शेवटच्या दोन कारणांकडे डॉक्टरांनी लगेच बघायला हवं.

## ९. घरी जाण्याआधी

पिशवी भरण्याच्या गडबडीत हा टप्पा राहून जातो. सही करण्याआधी एवढं घ्या:

- कुणीही हात न लावता तुम्ही स्वतः बाळाला लावलं आणि गिळण्याचा आवाज ऐकला.
- जन्मवजन आणि आजचं वजन फाइलमध्ये लिहिलेलं आहे.
- वरचं दूध चालू असेल तर ते किती, कधीपर्यंत, कसं कमी करायचं हे लिहून दिलं आहे. ‘गरज वाटली तर द्या’ असं तोंडी सांगणं चालणार नाही.
- पुढची तपासणी ठरली आहे. लवकर घरी सोडत असतील तर बाळ ४८ ते ७२ तासांचं असताना ती व्हायला हवी.
- रात्री शंका आली तर कुठे फोन करायचा, तो नंबर.
- फुकट मिळालेला पावडरचा डबा वैद्यकीय गरज नसेल तर तिथेच ठेवला आहे. घरात असला की तिसऱ्या रात्री तो उघडला जातो.

दहा ते चौदा दिवसांत बाळ जन्मवजनावर परत यायला हवं. तोवर रोज लंगोट मोजा आणि फाइलच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.

बाळ उठवूनही उठत नसेल, ओठ-तोंड कोरडं असेल, आठ तासांत लघवी झाली नसेल, पहिल्या २४ तासांत कावीळ दिसली किंवा नंतर पोटापायांपर्यंत पसरली, अंग ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त तापलं, किंवा अंग गार आणि सैल वाटलं, तर ठरलेल्या तारखेपर्यंत थांबू नका. लगेच निघा, फाइल आणि लंगोटांची नोंद सोबत घ्या, आणि शेवटचं पाजणं किती वाजता झालं ते पोहोचताच सांगा.